झटक्यात की सरकत? लिफ्टचे दोन सेफ्टी गिअर

दोर तुटला की लिफ्ट खाली कोसळते, हा समज सिनेमांनी पसरवला. प्रत्यक्षात वेग ठरलेल्यापेक्षा किमान 15 टक्के वाढला की गव्हर्नर, म्हणजे वेगावर नजर ठेवणारं यंत्र, आपला वेगळा दोर पकडतो आणि त्या ओढीने केबिनखालचा सेफ्टी गिअर, म्हणजे आणीबाणीचा ब्रेक, गाइड रेलला (केबिन ज्यांवरून सरकते त्या उभ्या रुळांना) आवळतो. प्रश्न एवढाच, की आवळायचं कसं?

तात्काळ प्रकारात दातेरी रोलर रेल आणि ठोकळ्याच्या फटीत घुसतो आणि केबिन जागच्या जागी थांबते. रचना साधी, स्वस्त. पण हिसका असा बसतो की गुडघ्यांना कळतं. रेलवर दातांचे वण उमटतात, ते नंतर कानशीने घासावे लागतात. म्हणून युरोपीय मानकात हा प्रकार साधारण सेकंदाला 0.63 मीटरपर्यंतच चालतो.

क्रमिक प्रकारात पाचरीमागे स्प्रिंग असते. दाब ठरावीक राहतो, केबिन थोडी घसरत थांबते. पूर्ण भार घेऊन मुक्तपणे पडतानाही सरासरी मंदन, म्हणजे वेग कमी होण्याचा दर, 0.2 ते 1 जी (गुरुत्वीय त्वरणाच्या पटीत) यांच्यामध्ये राहावं लागतं. किंमत जास्त, जुळवणी किचकट. रेलवर नको तिथे तेल साचलं तर घसरण वाढते. तरीही माणसांच्या लिफ्टला, वेग कमी असला तरी, मी हाच बसवेन.

सोडवायची रीत मात्र दोघांची एकच: केबिन वर उचलायची.