परराष्ट्र धोरणाची चर्चा: व्याख्यानमंडळ, वाचनगट की खुला कट्टा?

जागतिक घडामोडींवर चर्चा करणाऱ्या एखाद्या गटात सामील व्हावे असे मनात आले, की बहुतेक जण आधी वार, वेळ आणि अंतर पाहतात. ते पाहावे लागतेच. पण माझ्या मते निर्णायक प्रश्न वेगळा आहे. बैठकीला येण्यापूर्वी सभासदांनी काही वाचून यावे, अशी त्या गटाची अपेक्षा आहे की नाही? या एका प्रश्नावरून अशा गटांचे तीन प्रकार स्पष्ट वेगळे दिसतात.

व्याख्यानमंडळात वाचनाची अट नसते. निवृत्त राजदूत, प्राध्यापक किंवा परदेशी वार्तांकन केलेला पत्रकार तासभर बोलतो आणि उरलेला वेळ प्रश्नोत्तरांना मिळतो. वक्ता जाणकार असेल, तर एरवी सहजी लक्षात न येणाऱ्या बारकाव्यांवर तो बोट ठेवतो. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेचा १९६७ चा ठराव क्रमांक २४२ घ्या. इस्रायलने व्यापलेल्या प्रदेशांतून माघार घेण्याविषयीच्या कलमात इंग्रजी मसुद्यात ‘प्रदेश’ या शब्दाआधी निश्चिततादर्शक उपपद (इंग्रजीतले ‘द’) नाही, फ्रेंच मसुद्यात मात्र ते आहे. आणि माघार सर्व प्रदेशांतून घ्यायची की काहींतून, हा वाद त्या एवढ्याशा शब्दावर आजवर चालू आहे. असे काही ऐकायला मिळाले तर संध्याकाळ सार्थकी लागते. मात्र इथे आपण श्रोतेच राहतो. सभागृह भरलेले असले तर जेमतेम पाच-सहा प्रश्न होतात, आणि त्यांतलेही एक-दोन प्रश्न नसून छोटी भाषणेच असतात.

वाचनगटाची रीत याच्या उलट असते. तिचे एक जुने आणि परिचित उदाहरण म्हणजे अमेरिकेतील ‘ग्रेट डिसिजन्स’ हा उपक्रम. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या फॉरेन पॉलिसी असोसिएशनने तो १९५४ मध्ये सुरू केला. दरवर्षी साधारण आठ विषय निवडले जातात, त्यांवरील लेखांची पुस्तिका निघते, आणि ठिकठिकाणचे गट एकेका बैठकीत एकेक विषय घेतात. बैठकीत सूत्रसंचालक असतो. त्याचे काम ज्ञान सांगण्याचे नसून लांबत चाललेले बोलणे थांबवण्याचे आणि गप्प बसलेल्याला बोलते करण्याचे असते.

समोर मजकूर असला की काय फरक पडतो, हे दक्षिण चीन समुद्रावरच्या एका बैठकीत मला दिसले. किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांपर्यंतचा समुद्र त्या देशाच्या मालकीचा असतो, असे एक सभासद ठामपणे म्हणाले. शेजारच्या बाईंनी काही न बोलता १९८२ च्या सागरी कायदा कराराचा उतारा त्यांच्यापुढे सरकवला. सार्वभौमत्व १२ सागरी मैलांपर्यंत. त्यापुढे २०० मैलांपर्यंत मासे, तेल, वायू यांसारख्या साधनसंपत्तीवरचे हक्क, पण इतर देशांच्या जहाजांना जाण्या-येण्याची मोकळीक. गृहस्थांनी उतारा दोनदा वाचला, आणि ‘समुद्र कोणाचा’ हा वाद ‘कोणता हक्क कोणाचा’ या प्रश्नाकडे वळला. पुढचा तासभर चर्चा रंगली ती त्यामुळेच.

या प्रकारातही उणिवा आहेत. विषय आधीच ठरत असल्यामुळे मधेच एखादे युद्ध पेटले तरी गट आपला व्यापारशुल्कांवर बोलत बसतो. शिवाय प्रश्न कोणत्या राजधानीतून पाहिला आहे, हे साहित्य निवडणाऱ्यावर ठरते. ‘ग्रेट डिसिजन्स’मध्ये ती राजधानी स्वाभाविकपणे वॉशिंग्टन असते. त्यामुळे त्या पुस्तिकेच्या जोडीला दुसऱ्या बाजूचे काही वाचले जाते का, हे विचारून घ्यावे.

खुल्या कट्ट्यावर तयारी लागत नाही, ताजी बातमी त्याच आठवड्यात चर्चेला येते, आणि कधी चर्चेतल्या देशात राहून आलेला माणूस समोर बसलेला असतो, जे कोणत्याही पुस्तिकेतून मिळत नाही. मी वर्षभर अशा एका कट्ट्यावर गेलो आणि मग थांबलो. ‘नाटो’च्या पाचव्या कलमावर एकदा अर्धा तास खडाजंगी झाली, त्या कलमान्वये एकावर हल्ला झाला की सर्वांना आपोआप युद्धात उतरावे लागते, असे दोन्ही बाजू धरून चालल्या होत्या. प्रत्यक्षात प्रत्येक सदस्याने आपल्याला आवश्यक वाटेल ती कृती करावी, असे १९४९ च्या करारात म्हटले आहे. सैन्य पाठवणे हा तिचा एक संभाव्य भाग. करार कोणीच उघडून पाहिला नाही, आणि मीही तो घरी आल्यावर पाहिला.

ऐकून समज वाढवायची असेल आणि वेळ अनियमित असेल, तर व्याख्यानमंडळ पुरेसे आहे. महिन्याला तीन-चार तास वाचनासाठी काढता येत असतील, तर मी निःसंकोच वाचनगट सुचवीन. माणसे जोडणे हाच मुख्य हेतू असेल, तर खुला कट्टा वाईट नाही.

सरकारी नोकरीत असलेल्यांनी किंवा चर्चेतल्या देशात ज्यांचे नातेवाईक आहेत अशांनी आणखी एक चौकशी करावी: गट ‘चॅटहॅम हाउस’ या लंडनमधील परराष्ट्र धोरणविषयक संस्थेचा नियम पाळतो का? १९२७ पासून चालत आलेल्या या नियमानुसार बैठकीतील माहिती बाहेर वापरता येते, पण ती कोणी सांगितली आणि तो कोणत्या संस्थेचा, हे उघड करता येत नाही. तो नसेल, तर आपल्या बोलण्याला बाहेर आपले नाव जोडले जाईल असे धरूनच बोलावे लागते.

वर्गणी भरण्याआधी मागील तीन बैठकांचे विषय आणि त्यांसाठी दिलेले वाचन मागून घ्यावे, आणि एका बैठकीला पाहुणा म्हणून बसून किती जण बोलले ते मोजावे.