मॉल्डन की वुडब्रिज? लंडनहून एका दिवसात खाडीकाठचं बाजारगाव बघायचं असेल तर

उन्हाळ्यात आई-बाबा आलेले असतात, टॉवर ब्रिज झाला, नीसडनचं मंदिर झालं, ऑक्सफर्ड स्ट्रीटवर पाय दुखेपर्यंत फिरून झालं आणि मग घरात विषय निघतो की एखादं साधं इंग्लिश गाव दाखव ना रे, जिथे बाजारपेठ असेल, नदी असेल, गर्दी नसेल. बहुतेक लोक अशा वेळी डोळे झाकून कॉट्सवोल्ड्सची बस बुक करतात आणि तिथे आपल्यासारख्याच शंभर कुटुंबांबरोबर फोटो काढून परत येतात. माझं मत विचाराल तर पूर्वेला जा. एसेक्समधलं मॉल्डन आणि सफकमधलं वुडब्रिज, दोन्ही जुनी बाजारगावं, दोन्ही खाडीवर, मॉल्डन ब्लॅकवॉटर नदीच्या आणि वुडब्रिज डीबन नदीच्या. दोन्ही एका दिवसात जाऊन-येऊन होतात, पण दिवस एकच असेल तर कुठलं, हे ठरवायला हे लिहितोय.

आधी एक गोष्ट, जी कुठल्याही टॉप टेन यादीत नीट सांगत नाहीत. या गावांना जाताना हवामानाच्या ॲपआधी भरती-ओहोटीचं टाइमटेबल बघायचं. पाऊस आला तर छत्री आहे, पण ओहोटीच्या वेळी पोचलात तर नदी म्हणून समोर नुसता चिखल दिसतो, चकचकीत, करडा, लांबपर्यंत, आणि मधून एक बारीकशी पाण्याची धार. कोकणातल्या माणसाला त्यात काही नवल वाटणार नाही, पण पुण्याहून आलेले काका "हेच का ते" म्हणतातच. ढोबळ हिशोब असा की या किनाऱ्यावर अमावस्या-पौर्णिमेच्या सुमारास मोठी भरती दुपारी एकच्या आसपास येते आणि अष्टमीच्या सुमारास दुपारी ओहोटी असते, म्हणजे घरातलं मराठी कॅलेंडर इथेही कामाला येतं. नक्की वेळ त्या तारखेच्या टाइमटेबलवरच बघा, तिथीवर विसंबून तिकीट काढू नका.

आता गंमत बघा. मॉल्डनला भरती हवी आणि वुडब्रिजला ओहोटी चालते, उलट काही बाबतीत ओहोटीच हवी. कारण वुडब्रिजचं मुख्य आकर्षण म्हणजे भरतीच्या पाण्यावर चालणारी पिठाची गिरणी, टाइड मिल. भरती आली की पाणी तळ्यात शिरतं, दरवाजे बंद होतात, पाणी अडकतं, आणि मग बाहेरची नदी पुरेशी उतरली की ते तळ्यातलं पाणी सोडून चाक फिरवतात. म्हणजे बाहेर नदी तुडुंब असताना चाक गप्प उभं असतं. पौर्णिमेला दुपारी एकला गेलात तर फोटो झकास येईल, पण चाक फिरताना दिसायची शक्यता कमी. अष्टमीला गेलात तर नदी चिखलाची आणि चाक मात्र खडखडत चालू. गिरणीवाले चाक कधी फिरणार त्या वेळा आधी जाहीर करतात, त्या बघूनच निघा.

या जागेवर गिरणी असल्याची पहिली नोंद ११७० ची आहे, आत्ताची लाकडी पांढरी इमारत १७९३ ची, आणि १९५७ मध्ये मुख्य ओकचा दांडा मोडला तेव्हा ती बंद पडली. तोपर्यंत धंदा म्हणून चालणारी ही ब्रिटनमधली शेवटची टाइड मिल होती. नंतर दुरुस्त करून १९७३ मध्ये लोकांसाठी उघडली, आणि आता पुन्हा खरोखर गहू दळतात. मूळ मोठ्या तळ्याचं मरीना झालंय, तिथे लोकांच्या यॉट उभ्या असतात, गिरणीसाठी शेजारी वेगळं छोटं तळं केलंय. पीठ विकत मिळतं, कोंड्यासकट दळलेलं, पोळ्यांना जरा चरचरीत लागतं पण थालीपिठात मस्त खपतं. आत जिने उभे आहेत, गुडघ्यांचा त्रास असलेल्यांनी तळमजल्यावरच थांबावं.

मॉल्डनचं मुख्य आकर्षण म्हणजे हाइदचा धक्का आणि तिथे उभ्या असलेल्या थेम्स बार्ज, म्हणजे जुनी मालवाहू शिडाची जहाजं. लालसर तपकिरी शिडं, सपाट तळ, उंच डोलकाठी. सपाट तळ अशासाठी की ओहोटीला जहाज चिखलावर सरळ बसावं, कलंडू नये. ही जहाजं दोन माणसं चालवायची, एक तांडेल आणि एक पोरगा, आणि एसेक्सच्या शेतांवरून लंडनच्या घोड्यांसाठी वाळलेलं गवत घेऊन जायची. आणि परतताना काय आणायची? त्याच घोड्यांची लीद, शेतात खत म्हणून. मला हा हिशोब फार आवडतो, रिकामी फेरी नाही. आता त्यातल्या काही जहाजांवर पर्यटकांना फिरवून आणतात, पण जहाज भरतीलाच धक्का सोडू शकतं, त्यामुळे सहलीची वेळ तुम्ही ठरवत नाही, चंद्र ठरवतो. बुकिंग आधी करा. आणि फक्त बघायचं असेल तर ओहोटीलाही बार्ज दिसतात, चिखलात बसलेल्या, त्यातही एक मजा आहे, पण शिडं उघडलेली बघायची तर भरती पाहिजे.

बरोबर लहान मुलं असतील तर पुढचं सगळं न वाचता मॉल्डनला जा. धक्क्याला लागूनच प्रॉमिनेड पार्क आहे, १८९५ पासूनचं, मोकळी हिरवळ, झोपाळे, उन्हाळ्यात पाण्याच्या कारंज्यांचा स्प्लॅश पार्क, आणि बादली-दोरी घेऊन खेकडे पकडायचा कार्यक्रम. दोरीला बेकनचा तुकडा बांधायचा, खेकडा वर ओढायचा, बादलीत मोजायचा आणि परत पाण्यात सोडून द्यायचा. मालवणचा कोणी बरोबर असेल तर "सोडतायत कशाला" म्हणून हळहळेल, त्याला आवरा. मुलांचे जास्तीचे कपडे घ्या, चिखल निघत नाही. वुडब्रिजला मुलांसाठी एवढं काही नाही, नदीकाठी चालायची वाट आहे, खेळण्यातल्या शिडाच्या होड्या सोडायचं तळं आहे, पण चार-पाच वर्षांचं पोरगं तासाभरात कंटाळतं.

जायचं कसं, तर इथे वुडब्रिज सरळ जिंकतं. लिव्हरपूल स्ट्रीटहून इप्सविच साधारण सव्वा तास, तिथे गाडी बदलून लोवेस्टॉफ्टकडे जाणारी लोकल, वीसेक मिनिटांत वुडब्रिज. स्टेशन अक्षरशः नदीला चिकटून आहे, उतरलात की समोर पाणी, बाजूला होड्या. लोकल तासाला एकच असते, ती चुकली तर इप्सविचच्या प्लॅटफॉर्मवर चहा पीत बसा. मॉल्डनला रेल्वे होती, १९६४ मध्ये पॅसेंजर गाड्या बंद झाल्या. आता चेम्सफर्डपर्यंत ट्रेन आणि पुढे बस, ती गावागावातून फिरत जाते, रविवारी तर वेळा आधी बघितल्याशिवाय निघूच नका. गाडी असेल तर मात्र उलट, इलफर्ड-रॉमफर्डकडे राहणाऱ्यांना मॉल्डन तासाभराचं काम, आणि वुडब्रिजला त्याच ए १२ रस्त्यावरून बरंच पुढे जावं लागतं.

इतिहासात दोघंही तगडी आहेत पण जात वेगळी. मॉल्डनला ९९१ मध्ये व्हायकिंगांशी लढाई झाली. व्हायकिंग नॉर्दी बेटावर उतरलेले, बेट आणि किनारा यांच्यामध्ये एक चिंचोळी वाट, भरतीला ती पाण्याखाली जाते. एसेक्सचा सरदार बिर्टनॉथ अलीकडे उभा. त्या लढाईवरच्या जुन्या इंग्रजी काव्यात असं आहे की त्याने शत्रूला वाट ओलांडून येऊ दिलं, की या, समोरासमोर लढू. आणि हरला, मेला. त्यानंतर त्याच वर्षी इंग्रजांनी व्हायकिंगांना दहा हजार पौंड चांदी खंडणी दिली. आपल्याकडे गनिमी काव्याचे धडे गिरवलेल्यांना हे ऐकून कसंसं होतं, अहो चिंचोळी वाट हातात होती ना! पार्कच्या टोकाला बिर्टनॉथचा तलवार उगारलेला पुतळा आहे, पाण्याकडे तोंड करून. पण लढाईच्या जागी जाऊन बघण्यासारखं असं काही उरलेलं नाही, शेत आणि चिखल, गोष्ट माहीत असेल तरच अंगावर येतं. त्या वाटेवर भरतीची वेळ न बघता पाऊल टाकू नका, आणि बेटावर जायचं तर ते सांभाळणाऱ्या नॅशनल ट्रस्टचे नियम आधी वाचा.

वुडब्रिजच्या समोरच्या काठावर सटन हू. १९३८ मध्ये एडिथ प्रेटी नावाच्या बाईंनी आपल्या जमिनीवरचे मातीचे उंचवटे खणायला बॅसिल ब्राउन या स्थानिक माणसाला बोलावलं, आणि पुढच्या वर्षी आत २७ मीटर लांबीचं अख्खं जहाज निघालं, म्हणजे लाकूड कधीच कुजून गेलेलं, फक्त लोखंडी खिळे आणि वाळूत उमटलेला जहाजाचा ठसा. राजाला जहाज, सोनं आणि शिरस्त्राणासकट पुरलेलं, बहुधा ईस्ट अँग्लियाचा रेडवाल्ड, सातव्या शतकातला. चौकशीत सोनं बाईंच्या मालकीचं ठरलं आणि त्यांनी ते सगळं ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकलं. त्यामुळे लक्षात ठेवा, खरं शिरस्त्राण आणि दागिने लंडनमध्ये फुकट बघायला मिळतात, इथे प्रतिकृती आहेत. मग इथे यायचं कशाला? तर जागेसाठी. ते उंचवटे, खाली नदी, आणि वर चढून बघायला बांधलेला मनोरा. आई-बाबांना आधी म्युझियममध्ये ते शिरस्त्राण दाखवा आणि नंतर कधीतरी इथे आणा, हा क्रम जास्त जमतो. त्याच जहाजाची पूर्ण आकाराची प्रतिकृती स्वयंसेवकांनी बांधायला घेतली ती वुडब्रिजच्या काठावरच्या लाँगशेडमध्ये. एक अडचण आहे, नदीपलीकडे समोर दिसत असलं तरी गावातून सरळ पूल नाही, वरच्या बाजूने मेल्टनवरून वळसा आहे. मेल्टन स्टेशनवरून चालत जाता येतं पण चढ आहे, वयस्कर माणसं असतील तर टॅक्सी आधीच ठरवून ठेवा.

आणखी एक, कवितेचं वेड असलेल्यांसाठी. माधव जूलियनांमुळे उमर खय्याम मराठीत पोचला, त्या खय्यामला इंग्रजीत घराघरात नेणारा एडवर्ड फिट्झजेराल्ड वुडब्रिजचाच रहिवासी. गावाच्या चौकात मार्केट हिलवर भाड्याच्या खोल्यांमध्ये राहायचा आणि डीबनवर होडी हाकायचा. माझ्यासाठी हे एक कारण पुरेसं आहे, पण बाकीच्या मंडळींना नसेल हे मान्य.

गाव म्हणून बघायचं तर वुडब्रिज जास्त नीटनेटकं आणि जास्त महागडं, थरोफेअर नावाची अरुंद गल्ली, दोन्ही बाजूंना पुस्तकांची, कपड्यांची, चीजची छोटी दुकानं, आणि वर मार्केट हिलवर पहिल्या एलिझाबेथ राणीच्या काळातला शायर हॉल. मॉल्डनचा हाय स्ट्रीट जास्त रोजच्या वापरातला, चॅरिटी शॉप, न्हावी, बेकरी. तिथलं ऑल सेंट्स चर्च थांबून बघा, त्याचा मनोरा तिकोनी आहे, इंग्लंडमध्ये असा दुसरा नाही. दोन्हीकडे नदीपासून बाजारपेठेत जाताना चढ लागतो, मॉल्डनला जास्त जाणवतो, त्यामुळे आधी वर फिरून घ्या आणि मग उतरत नदीवर या. उलटं केलंत तर परतीला बाबा प्रत्येक बाकावर बसतील.

मॉल्डनचं मीठ तुम्ही सुपरमार्केटमध्ये पाहिलं असेलच, १८८२ पासूनची कंपनी आहे. पण पनवेल-उरणसारखी मिठागरं दिसतील म्हणून जाऊ नका, इथे ऊन कुठलं तेवढं, खाडीचं पाणी गाळून मोठ्या कढयांमध्ये तापवून त्याचे पापुद्रे काढतात. एक डबा घ्या, आई म्हणेल एवढे पैसे मिठाला, आणि मग कैरीवर टाकून खाईल.

जेवणाचं दोन्हीकडे सारखंच, फिश अँड चिप्स, जॅकेट पोटॅटो, केक, आणि शाकाहारी लोकांना चीजचं काहीतरी. मी तर म्हणतो दशम्या आणि चटणी डब्यात न्या, नदीकाठी बाक भरपूर आहेत.

हां, आणि तुमच्या डोक्यात बाजारगाव म्हणजे चौकात तंबू ठोकून बसलेले भाजीवाले असं चित्र असेल तर या दोघांपैकी कुणीच नको, केंटमधल्या फॅव्हरशमला जा. मंगळवार, शुक्रवार, शनिवार असा बाजार भरतो, १५७४ च्या लाकडी खांबांवर उभ्या गिल्डहॉलच्या आजूबाजूला, आणि सेंट पँक्रासहून बदली न करता तासाभरात पोचता. मोठी नदी नाही, एक छोटी खाडी आहे, ओहोटीला तीही जवळजवळ गायब. पण बाजार मात्र खरा.

तर मुलं आणि गाडी दोन्ही असतील, तारीख पौर्णिमेजवळची असेल, तर मॉल्डन. ट्रेनने जायचंय, सगळी मोठी माणसं आहेत, कुणाला इतिहासात रस आहे, तर वुडब्रिज, आणि गिरणीच्या चाकाची वेळ बघून. गाडी नाही पण मुलं आहेत अशांची खरी पंचाईत, त्यांनी शनिवारी मॉल्डनची बस पकडावी, रविवारी नको, आणि परतीच्या शेवटच्या बसची वेळ फोनमध्ये टाकून ठेवावी.