केबल उपटून दाखवलेल्या डेमोवर चेक फाडू नका

दोन कंपन्यांच्या इंटरनेट लाइन घ्यायच्या, लिनक्स सर्व्हरला दोन नेटवर्क कार्डं लावायची, म्हणजे एक लाइन गेली तरी काम थांबत नाही. कल्पना उत्तम. आमच्या इचलकरंजीच्या सुताच्या पेढीला गरजही होती, कारण हिशेबाचा सर्व्हर ऑफिसात आणि गोडाऊनची माणसं बाहेरून त्यावर बिलं टाकणारी. हे काम करून देतो म्हणून आलेल्या नेटवर्किंगवाल्यानं काय केलं ते लिहितो. तोच डेमो त्यानं ओळखीच्या एका कारखान्यातही दाखवलाय.

कोटेशनमधली मोठी रक्कम 'लोड बॅलन्सिंग (दोन लाइनवर काम वाटून देणं) लायसन्स, वार्षिक' या नावाखाली होती. डेमो झकास झाला. पिंग, म्हणजे बाहेरच्या मशीनला सतत हाक मारून उत्तर येतं का ते बघणं, चालू ठेवला, सर्व्हरमागची पहिली केबल ओढली, दोन-चार पिंग चुकले आणि पुन्हा सुरू. सगळे खूश.

मग पावसाळ्यात कुठंतरी फायबर तुटली आणि ऑफिस ठप्प. दुसरी लाइन धडधाकट असताना! तो आला, काहीतरी टाइप केलं, नेट चालू, 'इमर्जन्सी व्हिजिट'चं बिल हातात. पुढं दर वेळी हेच. रूट, म्हणजे सर्वाधिकार असलेल्या खात्याचा पासवर्ड मागितला की, "साहेब, वॉरंटी जाईल." स्वतःच्याच मशीनचा पासवर्ड मागायला वॉरंटी आड येते, हे नवलच.

शेवटी पुण्यात सर्व्हर सांभाळणारा आमचा भाचा सुट्टीला आला, त्यानं पासवर्ड रीसेट करून आत पाहिलं. 'आयपी राऊट' या वाटा दाखवणाऱ्या आदेशात बाहेर जायच्या दोन डीफॉल्ट वाटा, मेट्रिक म्हणजे पसंतीचा आकडा १०० आणि १०१. हे आकडे लिनक्सचा नेटवर्क सांभाळणारा प्रोग्रॅम नेटवर्कमॅनेजर आपणहून देतो. कमी मेट्रिकची वाट चालते, दुसरी नुसती पडून राहते. कुठल्या डेटानं वाटांची कुठली यादी वापरायची ते दाखवणाऱ्या 'आयपी रूल'मध्ये ०, ३२७६६ आणि ३२७६७ या क्रमांकांचे तीनच नियम, जे प्रत्येक लिनक्सवर मुळातच असतात. म्हणजे त्या माणसानं काहीच केलं नव्हतं. रूटच्या हिस्टरीत पहिलं कार्ड बंद करण्याचा एकच आदेश पुन्हापुन्हा. ती इमर्जन्सी व्हिजिट!

ग्यानबाची मेख डेमोत होती. केबल उपटली की कार्डाची लिंक जाते, ती वाट आपोआप निघते आणि दुसरी लागते. पण खऱ्या आयुष्यात तुटते ती राऊटरच्या पलीकडची फायबर. सर्व्हर ते राऊटर केबल जोडलेलीच, दिवा हिरवाच, त्यामुळं सर्व्हरच्या लेखी पहिली वाट ठणठणीत.

दुसरी थाप आणखी महागात पडली. गोडाऊनवाल्यांना दुसऱ्या लाइनच्या पत्त्यावरून सर्व्हर कधीच उघडत नव्हता. त्यावर "कंपनीनं पोर्ट ब्लॉक केलंय" म्हणून त्यानं आणखी एक स्टॅटिक आयपी, म्हणजे न बदलणारा इंटरनेट पत्ता, गळ्यात मारला. खरं कारण साधं होतं: लिनक्स उत्तर पाठवताना विनंती कुठल्या कार्डातून आली हे बघत नाही, फक्त जायचं कुठं ते बघतो. विनंती दुसऱ्या लाइननं आली तरी उत्तर पहिलीनं निघतं आणि वाया जातं. आरपी-फिल्टर, म्हणजे उलट वाट जुळते का ते तपासणारी लिनक्सची चाळणी, कडक असेल तर ती विनंतीच आत घेतली जात नाही. उपाय म्हणजे दुसऱ्या लाइनसाठी वेगळा राऊटिंग टेबल (वाटांची यादी), त्यात तिचा गेटवे (त्या लाइनच्या राऊटरचा पत्ता), आणि 'या पत्त्यावरून निघणारं या टेबलानं जावं' असा एक नियम. ही सोय कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातच, फुकट आहे, १९९९ च्या २.२ आवृत्तीपासून. तिचं लायसन्स कुणी विकत असेल तर तो हवा विकतोय.

भाच्यानं नियम घातले, ते रीबूटनंतर टिकतील असे फाइलमध्ये लिहिले, आणि एक छोटी स्क्रिप्ट ठेवली. ती प्रत्येक कार्डातून स्वतंत्रपणे, गेटवेला नव्हे तर बाहेरच्या पत्त्याला पिंग करते आणि उत्तर थांबलं की वाट बदलते.

तुमच्याकडं असा कुणी आला तर चेकआधी त्याच्यासमोर राऊटरमागची फायबर काढा, सर्व्हरची केबल नको. मग मोबाइल डेटावरून दोन्ही लाइनचे पत्ते उघडून बघा, आणि सर्व्हर एकदा रीबूट करून तेच पुन्हा. आमच्यावाल्याला हे सांगितल्यावर त्यानं फोन उचलणं बंद केलं. लायसन्सच्या रिन्यूअलचा मेसेज मात्र येतो.