घरगल्लीची साफसफाई : तळमजल्यावरून अभिप्राय

पाचपैकी चार. एक तारा का कापला ते पुढे येईलच, पण त्यातला मोठा वाटा आमच्या चाळीचाच आहे, हे आधीच सांगून टाकते.

गिरगावातल्या या चाळीत मी लग्न होऊन आले १९८४ साली. तळमजला, मागची खोली, स्वयंपाकघराची खिडकी घरगल्लीत. खिडकी म्हणायची आपली. यजमानांनी कधीच खिळे ठोकून ती बंद केली होती. टॉवरात वाढलेल्या पोरांना घरगल्ली समजावून सांगावी लागते. दोन इमारतींच्या पाठी एकमेकींना भिडतात, तिथे अंग चोरून एक माणूस जाईल एवढी फट. सांडपाण्याचे पाइप तिथेच उतरतात, चेंबरं तिथेच. सासूबाई सांगायच्या, टोपलीचे संडास होते तेव्हा मैला उचलणारी माणसं याच वाटेने यायची. त्या कामासाठी घरमालकांकडून हलालखोर कर घेत, हे नावही त्यांच्याच तोंडून ऐकलेलं. पुढे पाइपाचे संडास आले, टोपल्या गेल्या, गल्ली राहिली. आणि जिकडे कुणाचं दर्शनी दार नाही तिकडे वरून काय टाकावं याला धरबंध राहिला नाही. केळीची सालं, केसांचे गुंते, डायपर, एकदा तर आख्खा प्रेशर कुकर, झाकणासकट.

पूर्वी मे महिन्याच्या शेवटी एकदा ठेकेदाराची माणसं यायची, गाळ काढायची आणि गल्लीच्या तोंडाशी वाळत घालून जायची. पहिल्या पावसात तो परत आत.

आता मंगळवार आणि शनिवार ठरलेले आहेत. साडेसात-पावणेआठला पालिकेची दोन माणसं येतात. दोन्ही वेळा तीच दोघं, हे माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. कुठलं चेंबर तुंबतं, कुठला पाइप गळतो, तिसऱ्या खिडकीखाली पाय का जपून टाकायचा, हे त्यांना पाठ झालंय. ताई खराट्याने ओढत येते, मामा मागून लांब दांड्याच्या फावड्याने गोणीत भरतात. शेवटी पांढऱ्या पावडरीची रेघ मारतात. अर्ध्या-पाऊण तासात चार ते सहा गोण्या. मुकादमाला विचारलं, जातं कुठे हे सगळं? म्हणाला, "आधी महालक्ष्मीचं कचरा केंद्र, मग कांजूरचं डम्पिंग. आजी, मुंबईचा रोजचा कचरा सहा हजार टनांच्या वर आहे, तुमच्या सहा गोण्या काय घेऊन बसलात!"

जुलैत चेंबर भरून वर आलं तेव्हा पालिकेच्या १९१६ या तक्रारीच्या नंबरला फोन केला. दोनदा एंगेज लागला, तिसऱ्यांदा लागला. तक्रारीचा नंबर मोबाइलवर आला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी माणसं बांबूच्या कामट्या घेऊन हजर. मी चहा टाकेपर्यंत पाणी उतरलं होतं. त्यांनी चहा घेतला नाही, पुढे अजून तीन ठिकाणी जायचं होतं.

उंदीर कमी झाले, हे मी स्वतः सांगू शकते. रात्री टॉर्च आणि काठी घेऊन उंदीर मारत फिरणारी पालिकेची माणसं आमच्या भागात मी वर्षानुवर्षं पाहिली आहेत, पण खायला वरून रोज पडत असेल तर ते तरी किती मारणार? दिवाळीच्या आधी खिळे उपटून खिडकी उघडली. दहापर्यंत ऊन येतं. तिथे आता पुदिन्याची कुंडी आहे.

आता उणं. ताईला हातमोजे मिळाले आहेत, पण इतक्या जाड रबराचे की खराटा मुठीत बसत नाही. ती ते कमरेला खोचून ठेवते आणि उघड्या हाताने गोळा करते. वरून फुटक्या बाटल्याही पडतात. मोजे निवडणाऱ्याने एकदा ते घालून स्वतः झाडून पाहावं. दुसरं, सुक्या कचऱ्याचा टेम्पो. मी दुधाच्या पिशव्या धुऊन, वाळवून वेगळ्या ठेवते आणि ठेकेदाराचा पोरगा त्या माझ्यासमोर ओल्यावर ओततो. बोललं की "हो मावशी, हो मावशी." पुढच्या खेपेला पुन्हा तेच.

राहिली आमची चाळ. मंगळवारी गल्ली आरशासारखी, गुरुवारी संध्याकाळी पुन्हा पिशव्या. जिन्याखाली दोन डबे आहेत, हिरवा आणि निळा, पण दोन जिने उतरायचे कुणी? वरच्यांचं म्हणणं असं की वाऱ्याने उडतं. वारा गाठ मारलेली पिशवी उडवतो, हे मला या वयात कळलं.

गेल्या शनिवारी ताईला एका फाटलेल्या पिशवीत कुरिअरचं पाकीट सापडलं, वर नाव आणि खोलीचा नंबर स्पष्ट. ती काही बोलली नाही, माझ्या खिडकीच्या गजावर ठेवून पुढे गेली. मी ते चिमट्यात धरून दुसऱ्या मजल्यावर गेले. दार उघडलं, पाकीट पाहिलं, क्षणभर कुणीच बोलेना.

"काकू, हे आमचं नाही," तिथली सूनबाई म्हणाली, "पण द्या इकडे."