पेट्रोल चांगलं, पण कार्डाचा ताप (5 पैकी 3 स्टार)

हायवेकडंचा पंप हाय, नाव नको. माप बरोबर, झिरो दाखवूनच टाकतात, हवा फुकट. पण परवा गोव्याला जाताना 3000 चं टाकलं, क्रेडिट कार्ड पुढं केलं तर पोरगा म्हणतोय "दादा, सरचार्ज बसंल, स्कॅन करा की". नेमकं तवाच नेट गंडलं, मग दिलं कार्ड. स्टेटमेंटला 1 टक्का म्हणजे 30 रुपये आणि त्यावर 18 टक्के जीएसटी 5.40, सरचार्जचे 30 माफ होऊन परत आले पण जीएसटी गेला तो गेलाच. आणि ही माफी पण बऱ्याच कार्डांना 400 च्या वर टाकलं तरच, म्हणजे गाडीत 200 चं टाकणारी आपण गेलो बाराच्या भावात!

आमचा मावसभाऊ अमेरिकेत असतोय, त्याचं रडगाणं येगळंच. तिकडं पंपावर कार्ड घातलं की 175 डॉलरपर्यंत होल्ड लागू शकतो, म्हणजे तेवढे पैसे आधीच अडकवून ठेवतात, 2022 च्या आधी 125 होता, टाकलं 40 चं तरी बाकीचे अडकून. सुटतात नंतर, पण तोवर खात्यात खडखडाट.

पंपवाल्यांनो, सरचार्जचा बोर्ड तरी लावा की मशीनजवळ. पोरगा बोलला म्हणून 1 स्टार जादा दिलाय.