‘क्रमांक’मधली रमा: व्हीएस कोड आठ महिने वापरल्यानंतर

मुद्रितशोधनासाठी व्हीएस कोड हा एडिटर, म्हणजे मजकूर लिहिण्या-सुधारण्याचा प्रोग्राम, वापरायला लागून मला आठ महिने झाले. तो फुकट आहे, मुळात प्रोग्रामर मंडळींसाठी आहे, विंडोज, मॅक, लिनक्स सगळीकडे चालतो, हे सगळ्यांना माहीत आहे. मला बोलायचंय ते फक्त सिलेक्शनबद्दल. माझं निम्मं काम मजकूर निवडण्याचंच असतं. निवड चुकली की पुढचं सगळं चुकतं.

आधी वर्षाला साडेचार हजार रुपये भरून दुसरा एक एडिटर वापरायचे. गेल्या पावसाळ्यात एका कादंबरीचं दुसरं मुद्रित तपासून झालं आणि लेखिकाबाईंनी नायिकेचं नाव बदललं. रमाची उमा. साडेतीनशे पानं. मी एका ‘रमा’वर कर्सर ठेवला, ‘अशा सगळ्या जागा निवडा’ ही आज्ञा दिली, ‘उमा’ टाइप केलं, सेव्ह केलं आणि पुढच्या दुरुस्त्यांना लागले. चार दिवसांनी प्रकाशकांचा फोन. “मॅडम, हे ‘खोली क्उमांक सात’ काय आहे?”

‘क्रमांक’ हा शब्द संगणक कसा साठवतो बघा: क, हलन्त, र, म, काना, अनुस्वार, क. आपल्याला तिथे ‘क्र’ दिसतो, त्याला मात्र मधे सरळ ‘रमा’ सापडते. ‘प्रमाण’चं ‘प्उमाण’ झालं होतं, ‘गरमागरम’चं ‘गउमागरम’. मधे इतक्या दुरुस्त्या झाल्या होत्या की अन्डू करून उपयोग नव्हता. कुठे कुठे मोडलंय ते कळायला मार्ग नाही, म्हणून दोन रात्री बसून साडेतीनशे पानं पुन्हा वाचली. त्याचे पैसे कुणाकडे मागणार?

त्या एडिटरची आणखी एक खोड मी तीन वर्षं सोसली. ‘प्रश्न’वर डबल क्लिक केलं की अख्खा शब्द कधी निवडला जायचा नाही, नुसता एक तुकडा हाती यायचा. कारण नंतर कळलं. युनिकोडच्या, म्हणजे संगणकात अक्षरं साठवण्याच्या प्रमाण पद्धतीच्या, हिशेबात काना, मात्रा, वेलांटी ‘अक्षर’ या गुणधर्मात बसतात, हलन्त बसत नाही. त्यामुळे जो प्रोग्राम ‘हे अक्षर आहे का?’ एवढंच विचारून शब्दाची हद्द ठरवतो, तो प्रत्येक जोडाक्षरापाशी शब्द तोडतो. जोडाक्षराशिवाय मराठीचं एक पान तरी लिहिता येईल का? मी तीन ईमेल पाठवल्या. उत्तर आलं की हे ठरवल्याप्रमाणेच चालतंय, नूतनीकरण करा, पुढच्या आवृत्तीत बघू. मी नूतनीकरण केलं नाही.

व्हीएस कोडमध्ये पहिल्याच दिवशी ‘प्रश्न’वर डबल क्लिक केलं आणि पूर्ण ‘प्रश्न’ निवडला गेला. ‘स्वातंत्र्य’, ‘कर्तृत्व’, सगळे शब्द अखंड. यात जादू काही नाही. शब्द कुठे तुटतो त्या चिन्हांची एक यादी त्याच्याकडे असते, आणि यादीत नसलेलं सगळं तो शब्दाचाच भाग धरतो. त्या यादीत वळणदार अवतरणचिन्हं नव्हती, म्हणून संवादातला शेवटचा शब्द निवडला की सोबत ” पण यायचं. सेटिंग्जमध्ये त्या यादीत चारही अवतरणं घातली, विषय संपला. डबल क्लिकला शब्दानंतरची मोकळी जागाही तो उचलत नाही. वर्डमध्ये ती उचलली जाते आणि स्वल्पविराम टाकताना मला दर वेळी आडवी येते.

मग कंट्रोल-डी, म्हणजे तोच मजकूर पुढे जिथे येतो ती जागाही निवडणारी कळ. इथे माझं मत दोनदा बदललं.

कर्सर ‘रमा’वर ठेवून कंट्रोल-डी दाबत गेलं की फक्त सुटी ‘रमा’ सापडते. रमाला, रमाने, रमाच्या, सगळ्या वगळल्या जातात. पण तीच तीन चिन्हं माउसने ओढून निवडली आणि मग कंट्रोल-डी दाबलं, तर रमाला, रमानेही येतात आणि ‘क्रमांक’मधलीही येते. एकच कळ, दोन वागणुकी! पहिला महिनाभर मी याला सरळ दोष समजत होते आणि मैत्रिणींना तसं सांगितलंही. तो शब्द मागे घेते. हा नियम विचारपूर्वक केलेला आहे. काही न निवडता कळ दाबली म्हणजे ‘हा शब्द’ हवा. स्वतः ओढून निवडलं म्हणजे ‘ही अक्षरं’ हवीत. आज्ञा पाळायच्या आधी तो माझा हेतू बघतो, आणि एकदा समजल्यावर या नियमाने मला कधी फसवलेलं नाही.

तरी मराठीला दोन्ही पुरत नाहीत. इंग्रजीत विभक्ती सहसा शब्दाला चिकटत नाही, तिथे ‘पूर्ण शब्द’ म्हटलं की भागतं. आपल्याला तिसरी तऱ्हा हवी: सुरुवात पक्की, शेवट मोकळा. तशी तयार कळ नाही. चौथ्या महिन्यात वाट सापडली. शोधपट्टीत रेगेक्स (नेमका शब्द न देता नमुना देऊन शोधायची सोय) चालू करून (?<![अ-्])रमा असं लिहायचं. म्हणजे ‘रमा’च्या लगेच आधी, युनिकोडच्या क्रमाने, अ पासून हलन्तापर्यंतचं कुठलंही चिन्ह नको. मग ऑल्ट-एंटर दाबलं की सापडलेल्या सगळ्या जागा एकदम निवडल्या जातात, आणि किती निवडल्या तो आकडा खालच्या पट्टीत दिसतो. कादंबरीत कुणी रमाकांत असता तर तोही आला असता. कंट्रोल-डीने एकेक जागा निवडत गेलं तर मात्र असा एखादा चुकार कंट्रोल-के, कंट्रोल-डीने गाळत पुढे जाता येतं. चुकून जास्तीचा निवडला तर कंट्रोल-यूने तेवढाच शेवटचा सुटतो, बाकीची निवड जागेवर राहते. या एका कळेसाठी मी पैसेसुद्धा दिले असते.

तो आकडा मला सगळ्यात मोलाचा वाटतो. आधी निवडा, मग आज्ञा द्या, हा क्रम लॅरी टेस्लर आणि टिम मॉट यांनी सत्तरच्या दशकात झेरॉक्स कंपनीच्या पार्क या संशोधनकेंद्रात जिप्सी या एडिटरमध्ये रुजवला. कशावर घाव बसणार ते आधी दिसावं, हा त्या क्रमाचा सगळा फायदा. पण निवड साडेतीनशे पानांवर पसरली की पडद्यावर काय दिसणार? तिथे आकडाच डोळ्यांचं काम करतो.

उणीव एकच, पण ती रोज टोचते. शिफ्ट-ऑल्ट आणि उजवा बाण दाबत गेलं की निवड शब्दापासून वाढत जाते, डाव्या बाणाने तशीच पायरीपायरीने मागे येते. छान आहे. पण साध्या मजकुरात शब्दानंतर थेट ओळ येते, आणि गद्यात ओळ म्हणजे अख्खा परिच्छेद. मधे वाक्य ही पायरीच नाही. विम या दुसऱ्या एडिटरमध्ये वाक्य निवडायची सोय आहे, पण टिंबानंतर मोकळी जागा दिसली की तो वाक्य संपलं समजतो, त्यामुळे ‘डॉ. आंबेडकर’ डॉपाशीच तुटतात. संपादकाचं काम वाक्यावाक्याने चालतं हो! अजूनही मी शिफ्ट धरून बाण दाबत बसते.

गेल्या आठवड्यात ती जुनी, रमाचीच असलेली फाइल व्हीएस कोडमध्ये उघडली. नुसती ‘रमा’ शोधली: 655. वरचा रेगेक्स लावून शोधली: 612. मधल्या 43 जागा एकेक करून पाहिल्या. क्रमांक, प्रमाण, गरमागरम, परमानंद. त्यातली एक, पान 288 वरची, त्या दोन रात्रींतही माझ्या नजरेतून निसटली होती. छापील पुस्तकात ती तशीच मोडलेली आहे.