बायकांच्या बार्बरशॉप कोरसमध्ये बॅरिटोन: काही महिन्यांनंतरचा अनुभव

आधी निकाल सांगते. कानाला इतकं काम देणारा छंद मला अमेरिकेत दुसरा सापडलेला नाही. पण एकटीचा आवाज लोकांना ऐकवायची हौस असेल तर इकडे फिरकू नका.

बार्बरशॉप ही समूहगायनाची एक अमेरिकन शैली, तिच्यात वाद्य नसतं. पिच पाइपवर एक स्वर वाजतो, तो पकडायचा आणि सुरू. आवाजांचे भाग चार. लीडकडे चाल, टेनर तिच्या वर अगदी हलक्या आवाजात, बेस खाली पाया धरून, आणि या तिघींनी सोडलेला स्वर बॅरिटोनचा. कोरस बायकांचा असला तरी नावं हीच, फक्त पट्टी वरची. माझ्या वाट्याला बॅरिटोन आला. ही ओळ कधी लीडच्या वर उडी मारते, कधी खाली, आणि एकटीने गायली तर तिला काही अर्थच नसतो. भांडी घासताना मी रियाज करते तेव्हा घरातल्यांना अजूनही गाणं ओळखता येत नाही.

नोटेशन वाचता येत नसेल तरी अडत नाही. सरावासाठी ट्रॅक मिळतात: एका कानात तुमचा भाग, दुसऱ्या कानात उरलेले तीन. आधी आपली बाजू ऐकून पाठ करायची, मग ती बंद करून तिघींच्या विरुद्ध गायचं. ही दुसरी पायरी टाळणाऱ्या बायका तालमीत लगेच ओळखू येतात, कारण त्या शेजारणीच्या भागावर घसरतात. स्वतःचं गाणं रेकॉर्ड करून आपल्या भागाच्या प्रमुख बाईंना पाठवायचं. त्या पास करतील तेव्हाच ते गाणं स्टेजवर गायला मिळतं.

गांधर्वची मध्यमा देऊन आलेल्या माझ्यासारखीला खरी गंमत सुरांत आहे. या शैलीचा लाडका कॉर्ड, म्हणजे एकाच वेळी गायलेल्या स्वरांचा गुच्छ, सा, ग, प आणि कोमल नी यांचा, आणि तो पियानोच्या सुरांवर लावत नाहीत. चार स्वरांची कंपनं 4:5:6:7 या प्रमाणात आणायची. अर्ध्या स्वराचे 100 भाग धरले तर गंधार पियानोपेक्षा सुमारे 14 भाग उतरतो आणि निषाद तब्बल 31. चांगल्या जुळलेल्या तानपुऱ्यात खर्जाच्या तारेतून स्वयंभू गंधार ऐकलेल्या कानाला हा गंधार लगेच पटतो. निषाद मात्र आपल्या नेहमीच्या कोमल निषादाहूनही खाली, त्याची सवय व्हायला मला बरेच आठवडे लागले. सगळ्या जणी नेमक्या जागी आल्या की कुणीच गात नसलेला एक स्वर वरून वाजू लागतो. त्याला तिथे ‘रिंग’ म्हणतात, आणि त्याच्यासाठीच बायका वर्षानुवर्षं येत राहतात.

अडचण अशी की आपला ‘सा’ इथे जागेवर राहत नाही. एकाच ओळीत मी एका कॉर्डचा पंचम असते, पुढच्याचा गंधार. शिवाय मींड वर्ज्य. स्वराला खालून घसरत भिडलं की सगळ्यांसमोर थांबवतात. उच्चारांचंही तसंच. ‘नाइट’ म्हणताना ‘आ’वर थांबायचं आणि ‘इ’कडे सगळ्यांनी एकाच क्षणी वळायचं. आपला ठसठशीत ‘ट’ तर मुद्दाम मऊ करावा लागतो. श्वास आळीपाळीने चोरायचा, म्हणजे ओळ तुटत नाही.

इतिहास ठाऊक असावा म्हणून थोडं. ही शैली कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या गाण्यातून आलेली. ओक्लाहोमातल्या टल्सा शहरात 1938 मध्ये पुरुषांची संस्था निघाली. तिथेच 1945 मध्ये एडना मे अँडरसन यांनी काही जणींना जमवून स्वीट ॲडलाइन्स सुरू केली. याच संस्थेने 1950च्या दशकात सभासदत्व गोऱ्या बायकांपुरतं ठेवलं, तेव्हा काही शाखा बाहेर पडल्या आणि 1959 मध्ये हार्मनी इन्कॉर्पोरेटेड ही त्यांची वेगळी संस्था उभी राहिली. तो नियम 1966 मध्ये गेला. पुरुषांच्या संस्थेने बायकांना सभासद करून घेतलं ते थेट 2018 मध्ये. आमच्या कोरसमध्ये याबद्दल मोकळेपणाने बोलतात, हे मला आवडलं.

आता तक्रारी. दरमहा वर्गणी, त्यावर पोशाख, त्यावर स्पर्धेचा प्रवास. खर्च हळूहळू फुगत जातो आणि सुरुवातीला कुणी नीट सांगत नाही. स्पर्धेचा मेकअप म्हणजे लाल लिपस्टिक आणि खोट्या पापण्या, दशावतारालाही लाजवेल असा. हसरा चेहरा आणि हातवारे गुणांत धरतात, त्यामुळे स्पर्धा जवळ आली की सुरांपेक्षा हातांवर जास्त वेळ जातो. तो मला वाया वाटतो. गाणी बरीचशी जुन्या अमेरिकेची. ती मनाला भिडतातच असं नाही.

बहुतेक कोरस पाहुण्यांना तालमीला येऊ देतात, तेव्हा पैसे भरण्याआधी दोन-तीनदा जाऊन बसा आणि वर्षाचा एकूण खर्च लिहून मागा. गाणं संपल्यावर एखाद्या गाण्याचा शेवटचा छोटा तुकडा, म्हणजे ‘टॅग’, शिकवायला कुणीतरी पुढे येईलच. नाही म्हणू नका. आणि सपाट तळाचे बूट घाला, कारण पायऱ्यापायऱ्यांच्या त्या रायझरवर जवळजवळ सगळी तालीम उभ्यानेच होते.